कस, गुण आणि प्रत : हळदीच्या परीक्षेच्या भाषेचा परामर्श

१

पूर्णा जंक्शनावरून लोहमार्गाची एक शाखा वसमत, हिंगोली आणि वाशीम या गावांवरून अकोल्याकडे जाते; दुसरी नांदेड, मुदखेड व धर्माबाद या मार्गाने निजामाबादेस पोहोचते. या दोन्ही वाटांवर हळदीच्या मोठ्या पेठा आहेत. वसमत व हिंगोली हे तालुके ३० एप्रिल १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते; दुसऱ्या दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. शासकीय सीमा बदलली, पण पीक तेच राहिले. येलदरी व सिद्धेश्वर येथील धरणांमुळे पूर्णेच्या खोऱ्यात बागायत वाढली, आणि तामिळनाडूतील सेलम गावाचे नाव धारण करणारी हळदीची जात या भागात सर्वत्र रुळली. वायगावच्या हळदीस २०१६ मध्ये व सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. वसमतच्या हळदीस ते २०२४ मध्ये मिळाले. पूर्वी केवळ 'हळद' म्हणून पोत्यात भरला जाणारा माल आता नाव, प्रमाणपत्र आणि टक्केवारी घेऊन समुद्रापार जाऊ लागला आहे.

या टप्प्यावर एक प्रश्न उपस्थित होतो. हळदीची परीक्षा केली असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नेमकी कशाची परीक्षा झालेली असते? हा प्रश्न सामान्यतः रसायनशास्त्रज्ञांचा किंवा व्यापाऱ्यांचा मानला जातो. तथापि प्रत्येक परीक्षेच्या मुळाशी एक व्याख्या असते, आणि व्याख्या ही शब्दांची रचना होय. निघंटूतील पर्यायनामे, प्रतवारीचे नियम, औषधसंहितांतील नोंदी आणि अन्नसुरक्षेची मानके ही सर्व या दृष्टीने संहिताच आहेत. आणि इतर संहितांप्रमाणेच त्यांचीही चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

या चिकित्सेतून निघणारा निष्कर्ष प्रारंभीच मांडणे सोयीचे होईल. हळदीच्या परीक्षेत चार भिन्न गोष्टी एकत्र आलेल्या आहेत: प्रत, कस, गुण आणि निर्भेळपणा. मराठीत या चारींसाठी चार स्वतंत्र शब्द आहेत. आधुनिक व्यवहाराने त्या सर्वांवर 'गुणवत्ता' हा एकच शब्द पसरला. चारींपैकी केवळ कस अंकात मांडणे सोपे असल्यामुळे कसाचा अंक हीच गुणवत्ता ठरली. या संभ्रमाची किंमत एका टोकाला उत्पादक आणि दुसऱ्या टोकाला रोगी अशा दोघांना मोजावी लागते.

२

प्रथम शब्दांचा विचार. 'प्रत' हा शब्द तुलनेचा आहे. वरची प्रत, मधली प्रत, खालची प्रत असे म्हणताना एक ढीग दुसऱ्या ढिगाशेजारी ठेवलेला असतो. एकट्या वस्तूला प्रत नसते. 'कस' हा शब्द संस्कृत 'कष' म्हणजे सोने घासून पाहण्याचा दगड यापासून आलेला असून 'कसोटी' त्याच कुळातील आहे. पुढे या शब्दाचा अर्थ परीक्षेच्या साधनावरून परीक्षेत आढळणाऱ्या सत्त्वाकडे सरकला. 'जमिनीचा कस गेला', 'सकस आहार' या प्रयोगांत कस म्हणजे वस्तूच्या अंगी असलेल्या सत्त्वाचे प्रमाण. प्रमाण असल्यामुळे ते मोजता येते.

'गुण' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. 'औषधाचा गुण आला' या वाक्यात गुण औषधात नसून औषध व रोगी यांच्या संयोगात आहे. तो येतो किंवा येत नाही. वस्तू फोडून तो आत सापडत नाही. याच शब्दाचा एक अर्वाचीन अर्थ मात्र शाळेतील परीक्षेचे गुण असा आहे, आणि तो सर्वस्वी अंकाचा आहे. 'गुणवत्ता' हा शब्द इंग्रजी 'क्वालिटी' या शब्दाचा प्रतिशब्द म्हणून रूढ होताना या दोन अर्थांची गाठ पडली. ऐकणाऱ्याच्या मनात 'गुण येणे' उमटते आणि कागदावर 'गुण मिळणे' नोंदवले जाते.

उरला 'निर्भेळपणा'. ते एक अभाववाचक विधान आहे. अमुक पदार्थ यात मिसळलेला नाही, एवढेच ते सांगते. कस कितीही उच्च असला तरी त्यावरून भेसळीचा अभाव सिद्ध होत नाही. प्रमाणावरून अभावाचे अनुमान काढणे हा तर्कदोष होय. हळदीच्या व्यापारात हा दोष पुस्तकी राहिलेला नाही, हे पुढे दिसून येईल.

३

परंपरेने हळदीची ओळख कशी ठरवली, हे निघंटूंवरून समजते. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त हरिद्रेची जी पर्यायनामे येतात, ती केवळ छंद भरण्यासाठी योजलेली नाहीत. 'काञ्चनी' व 'पीता' ही वर्णावरून पडलेली नावे. 'कृमिघ्ना' हे कार्यावरून. 'योषित्प्रिया' हे वापरणाऱ्यांवरून. आणि 'हट्टविलासिनी', म्हणजे बाजारात मिरवणारी, हे चक्क पेठेवरून. 'निशा', 'रजनी' अशी रात्रीची सर्व नावे तिला लागू होतात. वर्ण, कार्य, उपभोक्ता आणि बाजार अशा चार दिशांनी एका द्रव्याला वेढणारी ही पद्धती आहे. एखादे नाव संदिग्ध असले तर दुसऱ्याने ते निश्चित व्हावे, हा तिचा हेतू.

परंतु या पद्धतीचा गौरव करताना तिची मर्यादा झाकणे योग्य नव्हे. आयुर्वेदीय ग्रंथांत हरिद्रा आणि दारुहरिद्रा यांची जोडी वारंवार एकत्र येते, आणि दोहोंना जोडणारा धागा पिवळेपणा हाच आहे. वस्तुतः दारुहळद ही सर्वस्वी वेगळ्या कुळातील काटेरी झुडपे असून त्यांच्या पिवळ्या रंगास कारण असलेले बर्बेरीन हे द्रव्य हळदीत नाही. आंबेहळद व कचोरा या वनस्पती मात्र हळदीच्याच प्रजातीतील. पण व्यवहारात त्यांची नावे प्रदेशागणिक एकमेकींवर सरकतात. शिवाय निघंटू द्रव्याची ओळख आणि कार्य सांगतो. एकाच हळदीच्या दोन पोत्यांतील तरतम तो सांगत नाही. निघंटूला अर्वाचीन मानकाचा पूर्वज ठरवणारे उत्साही प्रतिपादन म्हणूनच स्वीकारता येत नाही. त्याच्यापाशी गुण आहे. प्रत आणि कस यांचा हिशेब त्याने मांडलेला नाही.

४

प्रतीचा हिशेब मांडला तो शेतकऱ्याने आणि पेठेने. जमिनीतून निघालेल्या गड्ड्यास शेतकरी 'मूळ' म्हणत नाही. वनस्पतिशास्त्रही त्यास भूमिगत खोड मानते; व्यापाराच्या इंग्रजी याद्यांत तो 'मुळां'त पडतो, एवढेच. मराठी शेतकऱ्याची वाटणी अधिक बारीक आहे: बेण्याचे जेठे गड्डे, त्यांच्या बाजूचे बगल गड्डे, बोटांसारखी हळकुंडे आणि सोरा गड्डे. काढणीनंतर हळद काहिलीत किंवा वाफेच्या कुकरात शिजवतात, उन्हात पसरून वाळवतात आणि फिरत्या पिंपात घासून तिला पॉलिश करतात. शिजवल्याने आतील पिठूळ भाग एकजीव होतो, कच्चा उग्र वास जातो आणि रंग सर्वत्र सारखा पसरतो. कमी शिजली तर वाळण्यास वेळ लागतो. फाजील शिजली तर रंग उतरतो.

१९३७ च्या कृषिमाल प्रतवारी कायद्याखाली हळदीसाठी जे ॲगमार्कचे नियम झाले, त्यांची भाषा या दृष्टीने लक्षणीय आहे. हळकुंडांच्या वरच्या प्रतींसाठी त्यांत तुकड्यांचे व गड्ड्यांच्या मिसळीचे कमाल प्रमाण दिलेले आहेच. पण त्याबरोबर हळकुंड हातास टणक लागावे आणि मोडताना त्याचा धातूसारखा नाद यावा, अशीही अट आहे. कायद्याच्या संहितेत कानाला साक्षीदार म्हणून बोलावल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. हा नाद निरर्थक नाही. ओलसर किंवा अर्धवट शिजलेले हळकुंड वाकते, चिवटपणे तुटते. नीट शिजून वाळलेलेच खणखणीत मोडते. २०११ च्या अन्नसुरक्षा मानकांत अख्ख्या हळदीतील ओलाव्यास जी १२ टक्क्यांची मर्यादा आहे, तिचाच हा कानाने घेतलेला अंदाज होय.

असे असता कानाची कसोटी सोडून अंकाची कसोटी का आली? यावर यंत्रयुगाचा अविचार असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. हळकुंड मोडतो तो खरेदीदार, नाद ऐकतो तोही खरेदीदार, आणि काय ऐकू आले हे सांगतो तोही तोच. विक्रेत्यास त्यावर अपील नाही. अनेक पेठांत हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची चाल होती, ती याच गुप्ततेची सोबती. अंक मात्र दोघांस सारखा दिसतो, दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घेता येतो, आणि मालाबरोबर दूरदेशी जातो. ज्या ग्राहकाचे कान निजामाबादेस किंवा वसमतेस पोहोचू शकत नाहीत, त्याच्यासाठी अंक ही आवश्यक गोष्ट आहे. प्रश्न अंक असावा की नसावा हा नाही. तो अंक कशाचा आहे, हे त्याच्याशेजारी लिहिलेले असावे की नाही, हा आहे.

५

व्यापाराने निवडलेला अंक कर्क्युमिनचा आहे. हळदीतील हे पिवळे द्रव्य १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिये यांनी वेगळे काढले. त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. त्याचे नाव 'कर्क्युमा' या वनस्पतिनामावरून आणि ते अरबी 'कुर्कुम' या शब्दावरून आले. या शब्दाचे संस्कृत 'कुंकुम' शब्दाशी नाते मानले जाते. मूळचा हा शब्द केशराचा; परंतु महाराष्ट्रात कुंकू होते ते हळदीचेच, क्षाराच्या योगाने तांबडी केलेल्या हळदीचे. कर्क्युमिन क्षारात लाल होते, या रासायनिक गुणधर्माचा प्रयोग मराठी घरात प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी चालू होता. शब्दाचा इतिहास आणि द्रव्याचा गुणधर्म येथे एका ठिकाणी येतात.

प्रयोगशाळेतील रूढ पद्धतीत हळदीचा अर्क मद्यार्कात काढतात आणि ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तो किती शोषतो हे पाहतात. ही रंगाची मोजणी होय. कर्क्युमिन व त्याची दोन भावंडे मिळून 'कर्क्युमिनॉइड' हा वर्ग होतो, आणि ही पद्धत तिघांची एकत्र बेरीज सांगते; त्यांना अलग करण्यासाठी एच.पी.एल.सी. ही अधिक खर्चाची पद्धत वापरावी लागते. त्याहून महत्त्वाचे असे की, पिवळा प्रकाश देणारे दुसरे द्रव्य अर्कात उतरले तर केवळ शोषणाचा आकडा ते द्रव्य परके आहे असे सांगत नाही. मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग याच कारणाने भेसळ करणाऱ्यांस सोयीचा पडला. त्याच्या शोधासाठी वेगळी परीक्षा लागते. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर येणारा गुलाबी-जांभळा रंग पाणी घालूनही टिकला, तर तो रंग हळदीचा नव्हे.

ज्या कसोटीवर रंगास भाव मिळतो, ती कसोटी रंग लावण्यास उत्तेजन देते. पॉलिशच्या वेळी हळकुंडावर लेड क्रोमेट हे शिशाचे पिवळे संयुग चढवण्याची दुष्ट प्रथा याच न्यायाने उद्भवली. बांगलादेशातील या प्रथेचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० च्या दशकातील पुरानंतर काळवंडलेली हळद उजळ दिसावी म्हणून तेथे हे रंगकाम सुरू झाल्याचे त्यात आढळले. तेथील शासनाने कठोर कारवाई केल्यावर भेसळयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. अमेरिकेतही २०१६ मध्ये शिशामुळे हळदीची भुकटी बाजारातून परत घ्यावी लागली होती. शिसे मुलांच्या मेंदूवर कायमचा दुष्परिणाम करते. भारतीय मानकांत लेड क्रोमेटची परीक्षा नकारार्थीच आली पाहिजे असा स्वतंत्र नियम आहे, तो योग्यच होय. कसाच्या अंकातून निर्भेळपणा निष्पन्न होत नाही याची ती कायद्याने दिलेली कबुली आहे. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्यास मराठी माणूस हसतो. येथे तर पिवळे होण्यास हळकुंडाचीही गरज उरलेली नाही.

६

आता गुणाचा, म्हणजे औषधीपणाचा विचार. हळद औषध म्हणून कशी असावी, याविषयी प्रमाण ग्रंथांत एकवाक्यता नाही. भारतीय अन्नमानकात हळदीच्या भुकटीस किमान २ टक्के कर्क्युमिनॉइड पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वनौषधिविषयक ग्रंथाच्या पहिल्या खंडात किमान ३ टक्के कर्क्युमिनॉइडांबरोबर किमान ४ टक्के उडनशील तेलाची अपेक्षा आहे. युरोपीय औषधसंहिता रंगद्रव्य आणि तेल या दोहोंची किमान मर्यादा घालते. 'आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडिया'च्या पहिल्या खंडातील हरिद्रेच्या नोंदीत राख, मद्यार्कात व पाण्यात विरघळणारे अंश आणि किमान ४ टक्के उडनशील तेल यांवर भर आहे.

हा भेद केवळ आकड्यांचा नाही. अन्नमानकास हळद मसाला व रंग म्हणून हवी आहे. औषधसंहितांस ती गंधयुक्त, तैलयुक्त द्रव्य म्हणून हवी आहे. उडनशील तेल भुकटी करताना आणि साठवणुकीत कमी होत जाते. रंग त्यामानाने टिकतो. म्हणजे कर्क्युमिनच्या आकड्यावर उत्तम ठरलेली भुकटी औषधसंहितेच्या दृष्टीने निःसत्त्व असू शकते. निर्यातीच्या भाषेत मात्र दोहोंस 'उच्च गुणवत्ता' हेच विशेषण लागते.

रसायनशास्त्राच्या आतूनही या समीकरणास आक्षेप आलेला आहे. पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते आणि लवकर रूपांतरित होते, हे पूर्वीपासून ज्ञात होते. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त कॅथरीन नेल्सन व सहकारी यांनी घेतलेल्या विस्तृत आढाव्यात असेही दाखवले की, हे द्रव्य अस्थिर असून प्रयोगशाळेतील अनेक चाचण्यांत ते फसवे होकार देते. यावरून हळद निरुपयोगी ठरते असे नाही. कर्क्युमिन म्हणजे हळद, हे समीकरण तेवढे ढासळते. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण उतावळ्यास उद्देशून आहे. टक्केवारी वाचून गुण आला असे समजणारा ग्राहक त्या म्हणीचाच विषय होय.

७

या साऱ्या व्यवहारात लिखित शब्दाचे वजन किती असते, याचा धडा हळदीनेच दिलेला आहे. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर हे महासंचालक असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये त्यातील दावे फेटाळले गेले. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील केवळ चालत आलेला वापर पुरावा म्हणून ग्राह्य नव्हता. छापील उल्लेख दाखवणे आवश्यक होते. म्हणून परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतील ग्रंथ धरून ३२ आधार सादर केले. त्यांत १९५३ मध्ये 'जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन'मध्ये आलेला एक लेखही होता. घरोघर जखमेवर हळद दाबणारे कोट्यवधी हात साक्षीस आले नाहीत. छापलेल्या ओळी आल्या, आणि त्याही भाषांतरित होऊन.

हाच न्याय परीक्षेस लागू आहे. जे मानकाच्या संहितेत लिहिलेले नाही, ते मालात असूनही व्यापाराच्या दृष्टीने नसते. जेठा गड्डा आणि बगल गड्डा यांतील भेद, शिजवणीतील कमीजास्तपणा, हळकुंडाचा नाद, ताज्या भुकटीचा वास या गोष्टी मराठीत नावानिशी आहेत. प्रमाणपत्राच्या इंग्रजीत त्यांतील थोड्याच पोहोचतात. भौगोलिक मानांकनाने वसमतचे नाव पोहोचवले, हे खरेच. पण मानांकन कूळ सांगते, कस सांगत नाही. शिवाय नावाचेही स्थैर्य पाहण्यासारखे आहे: लोकांच्या तोंडी व शासनाच्या कागदात 'वसमत', रेल्वेच्या पाटीवर 'बसमत'. व्यापारात ज्याचे मोल आहे ते नाव तरी एकाच रीतीने लिहिले जावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

८

या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष मर्यादित पण निश्चित आहे. हळदीच्या परीक्षापत्रात चार स्वतंत्र रकाने असावेत: प्रत, म्हणजे गड्डे, हळकुंडे, तुकडे व कोरडेपणा; कस, म्हणजे कर्क्युमिनॉइड आणि उडनशील तेल ही दोन्ही, आणि ती कोणत्या पद्धतीने मोजली त्या पद्धतीचे नाव; निर्भेळपणा, म्हणजे कोणकोणत्या पदार्थांच्या अभावाची तपासणी केली त्यांची यादी; आणि गुणाच्या रकान्यात हा माल कोणत्या औषधसंहितेच्या नोंदीस उतरतो एवढाच निर्देश. उतरत नसेल तर तो रकाना कोरा ठेवावा. रिकामा रकाना खोट्या विशेषणापेक्षा अधिक बोलतो. हे पत्र विक्रेत्यास मराठीत मिळावे. आपल्या मालास भाव का कमी आला हे ज्यास वाचता येत नाही, त्यास सुधारणेचा मार्गही दिसत नाही. कमी भाव ओलाव्यामुळे असेल तर वाळवणीची सुधारणा हवी, तेलामुळे असेल तर साठवणुकीची, आणि रंगामुळे असेल तर बेण्याची किंवा शिजवणीची. 'गुणवत्ता कमी' या दोन शब्दांतून यांपैकी काहीही कळत नाही.

भाषाभ्यासकाच्या वाट्यास येणारे काम याहून पूर्वीचे आहे. पूर्णेपासून हिंगोलीपर्यंत आणि पूर्णेपासून निजामाबादेपर्यंत हळदीची शब्दसंपदा मराठीकडून तेलुगूकडे कशी बदलत जाते, गड्ड्याच्या कोणत्या भागास कोठे काय म्हणतात, चांगल्या-वाईट हळदीची कोणती लक्षणे कोणत्या शब्दांनी सांगतात, यांचे गावोगाव फिरून संकलन झाले पाहिजे. शिजवणीच्या काहिलींची जागा वाफेच्या कुकरांनी घेतली आणि त्याबरोबर काही शब्दही मागे पडत आहेत. मानकाच्या मराठी भाषांतरास लागणारी परिभाषा कोशातून घडवण्यापूर्वी ती पेठेत व शेतात आधीच आहे का, हे पाहणे हे या संशोधनाचे पहिले पाऊल होय.